रिकामा राहिलेला रकाना

आमच्या गोल्फच्या मैदानावर रविवार सकाळचा खेळ आटोपला, की कॅन्टीनच्या व्हरांड्यात चहा येतो आणि चहाच्या मागोमाग वाद येतो. कोण जिंकलं, कोण हरलं याचा हा वाद नसतो. कुणाचा मास्तर खरा, याचा असतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बेन होगनच्या पुस्तकाची शपथ घेतात. हाडांचे एक डॉक्टर डेव्हिड लेडबेटरच्या व्हिडिओ फितींवर वाढलेले. वजन आधी उजव्या पायावर जायला हवं, मग डाव्यावर यायला हवं, असं ते टेबलावर बोटं नाचवून सांगतात. अमेरिकेत नोकरी करून परतलेला एक तरुण म्हणतो, वजन उजव्या पायावर जाऊच द्यायचं नाही, ते पहिल्यापासून डाव्यावर ठेवायचं. प्लमर आणि बेनेट या जोडगोळीनं २००७ च्या सुमारास हीच पद्धत गाजवली. तिघांच्याही बोलण्यात आत्मविश्वास सारखाच असतो. आणि खरं सांगायचं तर, तिघांचाही खेळ सारखाच बेताचा आहे.

हा वाद ऐकताना मला लहानपणी घरी बसणारी गाणंवेड्यांची बैठक आठवते. किराणा मोठं की जयपूर, आधी सूर की आधी लय, यावर रात्र जागवणारी ती मंडळी स्वतः क्वचितच गायची. पण आपण ज्याचे चाहते तो गायक, आणि त्याचा जो गुरू, तोच खरा, हे त्यांचं ठाम मत असे. गुरूची तुलना करणं हा आपला जुना छंद आहे. त्यात वाईट काही नाही. चहा संपतो, वादही संपतो.

माझी गोष्ट मात्र चहाबरोबर संपली नाही. हीच तुलना मी एकदा कागदावर, रकाने आखून केली, आणि तिच्याखाली सही केली. त्या सहीबद्दल मला आज लिहायचं आहे.

गोल्फ न खेळणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. या खेळात चेंडू जागेवर पडलेला असतो. क्रिकेटसारखा तो अंगावर येत नाही, वळत नाही, उसळत नाही. समोर प्रतिस्पर्धी काही करत नाही. हातात काठी असते, ती मागे न्यायची आणि पुढे आणायची. या क्रियेला स्विंग म्हणतात. ती दीड-दोन सेकंदांत उरकते, आणि काठीचं तोंड चेंडूला टेकतं ते सेकंदाच्या सुमारे दोन हजारांशानं. जे काही व्हायचं ते एवढ्यात होतं. चेंडू सरळ जातो किंवा उजवीकडच्या झाडीत जातो.

यातली मेख अशी, की खेळणाऱ्याला आपला स्विंग दिसत नाही. आपण काठी सरळ मागे नेली असं अंगाला वाटतं. प्रत्यक्षात ती पाठीमागे गोल फिरून गेलेली असते. डोकं हललं नाही अशी खात्री असते. ते वीतभर हललेलं असतं. वाटणं आणि असणं यांतलं हे अंतर स्वतःला कळत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. गोल्फमध्ये शिक्षकाची गरज मुळात आहे ती यासाठी. तत्त्वज्ञान नंतर येतं, आधी डोळे.

मी गोल्फ सुरू केला तो १९९४ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. माझे पहिले डोळे म्हणजे आमच्या मैदानावरचे मास्तर. त्यांचं खरं आडनाव फार कमी सभासदांना माहीत असेल. शाळा अर्धवट सोडून लहानपणी ते कॅडी म्हणून आले, साहेब लोकांच्या पिशव्या खांद्यावर वाहिल्या, टाकून दिलेल्या काठीनं संध्याकाळी अंधार पडेपर्यंत खेळले आणि पुढे शिकवायला लागले. प्रमाणपत्र नव्हतं, इंग्रजी नव्हतं. बादलीभर चेंडू मारून होईपर्यंत ते बाजूला उभे राहायचे. पहिले वीस चेंडू एक शब्दही बोलायचे नाहीत.

माझा चेंडू उजवीकडे वळायचा. याला स्लाइस म्हणतात, आणि नवशिक्यांपैकी बहुतेकांना हाच रोग असतो. मास्तरांनी माझा डावा हात काठीवर थोडा उजवीकडे फिरवला आणि म्हणाले, "साहेब, खाली बघा. मुठीवरची तीन हाडं दिसली पाहिजेत. बाकी काही बघू नका." झालं! पुढचे तीन महिने एवढंच. मी विचारायचो, खांद्यांचं काय, कमरेचं काय? ते म्हणायचे, "ते येतंय मागनं."

दोन वर्षांत माझा हँडिकॅप एकोणीसवर आला. म्हणजे चांगल्या खेळाडूला अठरा खड्ड्यांना जितके फटके लागावेत त्यापेक्षा मला एकोणीस जास्त लागत. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसाला हे वाईट नव्हे. पण माणसाला एकोणीस मिळाले की बारा हवे असतात. व्हरांड्यातल्या वादात माझ्याकडे बोलायला काही नसायचं. "तुमचे मास्तर काय सांगतात?" असं कुणी विचारलं, तर "मुठीची तीन हाडं बघा" हे काय उत्तर झालं? मला सिद्धांत हवा होता.

तो मला होगनच्या पुस्तकात मिळाला. १९५७ साली आलेलं 'फाइव्ह लेसन्स' हे छोटंसं पुस्तक गोल्फ शिकवणाऱ्या पुस्तकांतलं बहुधा सर्वांत प्रभावी असेल. चित्रं सुरेख, भाषा खणखणीत. होगनचा अधिकारही वादातीत. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसची धडक बसली, तो पुन्हा चालेल की नाही याची शंका होती, आणि १९५० मध्ये त्यानं अमेरिकन ओपन जिंकली. असा माणूस सांगतो तर चूक कसं असेल? मी होगनप्रमाणे डावा हात पुन्हा फिरवला, या वेळी डावीकडे. तीन हाडांची दोन झाली, मग एक. मास्तरांकडे जाणं मी हळूहळू बंद केलं. सांगून नव्हे. नुसतं बंद केलं.

माझा चेंडू पुन्हा उजवीकडे जाऊ लागला, आधीपेक्षाही जास्त. हँडिकॅप सव्वीसवर गेला. आपलंच काही चुकतंय असं समजून मी आणखी मन लावून होगन वाचू लागलो.

उत्तर मला फार उशिरा कळलं, आणि ते त्याच्या चरित्रातच होतं. होगनचा रोग माझ्या उलट होता. त्याचा चेंडू डावीकडे झपाट्यानं वळायचा. हुक म्हणतात त्याला. या हुकनं त्याला तरुणपणी वर्षानुवर्षं छळलं, उपासमारीच्या काठावर नेलं. त्याची ती पकड, मनगटाची ती ठेवण, हे सगळं चेंडू डावीकडे जाऊ नये म्हणून त्यानं शोधून काढलेलं औषध होतं. औषध अस्सल होतं. पण ते तापावरचं होतं आणि मी सर्दीचा रोगी होतो.

हे एकदा लक्षात आल्यावर मी इतरांची पुस्तकं त्याच नजरेनं पाहू लागलो. अर्नेस्ट जोन्स हा इंग्लिश व्यावसायिक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. एका पायावर उभा राहून तो खेळायला लागला आणि आपण अजून उत्तम खेळतो हे पाहून स्वतःच चकित झाला. त्यातून त्याची शिकवण निघाली: शरीराच्या भागांचा विचार सोडा, काठीचं टोक फिरवा. रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून, तो झुलवून तो हे दाखवायचा. ज्याला एक पायच नाही तो 'वजन या पायावरून त्या पायावर न्या' असं कसं सांगणार? दुसऱ्या टोकाला सिअ‍ॅटलचा होमर केली. बोइंगमध्ये काम केलेला माणूस. त्यानं १९६९ मध्ये 'द गोल्फिंग मशीन' लिहिलं आणि स्विंगचे चोवीस घटक पाडले, जणू विमानाचे भाग सुटे करून मांडावेत तसे. त्याच परंपरेतला बॉबी क्लॅम्पेट १९८२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये दोन फेऱ्यांनंतर पाच फटक्यांनी पुढे होता आणि उरलेल्या दोन फेऱ्यांत कोसळला. तेच पुस्तक वाचून घडलेल्या ब्रायसन डीशाम्बोनं २०२० आणि २०२४ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली. आता पुस्तक खरं म्हणायचं की खोटं?

लेडबेटरचं नाव झालं ते निक फाल्डोमुळे. सव्वासहा फूट उंचीचा फाल्डो १९८५ मध्ये त्याच्याकडे गेला तेव्हा तो हरणारा खेळाडू नव्हता. युरोपात जिंकत होता. पण दडपणाखाली आपला लांबसडक स्विंग डगमगतो हे त्याला ठाऊक होतं. दोन वर्षं त्यानं स्विंग मोडून नव्यानं बांधला. त्या काळात तो हरत राहिला, लोक हसत राहिले. १९८७ मध्ये म्युरफील्डला शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा खड्डे बरोबर पार फटक्यांत संपवून त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. ते पाहून जगभरच्या हजारो हौशी खेळाडूंनी आपापले स्विंग मोडले. बांधणं मात्र फार थोड्यांना जमलं. फाल्डोजवळ दिवसाला शेकडो चेंडू मारायला वेळ होता, शेजारी लेडबेटर होता, आणि मुख्य म्हणजे रोग कोणता ते फाल्डोला माहीत होतं. आमच्या डॉक्टरांजवळ फक्त फीत होती.

टायगर वूड्सचं उदाहरण तर व्हरांड्यातल्या सगळ्याच पक्षांचं तोंड बंद करणारं आहे. बुच हार्मनच्या हाताखाली त्यानं १९९७ ते २००२ या काळात आठ प्रमुख स्पर्धा जिंकल्या. मग त्याला सोडून हँक हेनीकडे गेला, स्विंग बदलला, आणि २००५ ते २००८ मध्ये आणखी सहा जिंकल्या. मग शॉन फोली आला. २०१३ मध्ये टायगरनं पाच स्पर्धा जिंकल्या, पण प्रमुख एकही नाही. मग ख्रिस कोमो. पंधरावी प्रमुख स्पर्धा, २०१९ ची मास्टर्स, त्यानं जिंकली तेव्हा त्याला कुणीच शिक्षक नव्हता. चौघांची मतं चार. यांतलं बरोबर कुणाचं, हा प्रश्न विचारता येतो. पण त्याला उत्तर नाही. कारण प्रत्येक वेळी समोरचा टायगर वेगळा होता: वय वेगळं, गुडघा वेगळा, पाठ वेगळी.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, की मग काहीही चालतं, प्रत्येकाचं सत्य निराळं. तसंही नाही. चेंडूचं सत्य एकच आहे, आणि ते शिक्षकांना पुष्कळ वर्षं चुकीचं ठाऊक होतं! काठी ज्या दिशेनं फिरते त्या दिशेला चेंडू निघतो आणि काठीचं तोंड जिकडे असतं तिकडे तो पुढे वळतो, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २००३ नंतर डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडारयंत्रं मैदानावर आली आणि मोजून दाखवू लागली, की चेंडू निघतो तो बहुतांशी काठीच्या तोंडाच्या दिशेनं, आणि वळतो तो तोंड व काठीची वाट यांतल्या फरकामुळे. शिकवलेलं जवळजवळ उलटं होतं. आमचे मास्तरही उलटंच सांगत असणार, त्यांना कुणी विचारलं असतं तर.

आता गंमत पाहा. चुकीचा नियम सांगणाऱ्या त्याच शिक्षकांच्या हाताखाली विजेते घडले. कसे? कारण चांगला शिक्षक नियमाकडे बघून शिकवत नव्हता, चेंडूकडे बघून शिकवत होता. चेंडू उजवीकडे गेला, हाताची ठेवण बदलली, कमी गेला, आणखी थोडी बदलली, सरळ गेला. कारणमीमांसा चुकीची असली तरी उपचार नजरेनं तपासलेला होता. आपल्याकडचे जुने वैद्य नाही का, निदान त्रिदोषांच्या भाषेत करायचे आणि रोगी बरा झाला की नाही ते रोज येऊन बघायचे.

आता त्या कागदाकडे येतो. २०१६ मध्ये मी आमच्या मैदानाच्या कमिटीवर होतो. नवीन शिक्षक नेमायचा ठराव होता. जुन्या कॅडींपैकी तिघे-चौघे सरावाच्या जागी शिकवत. ते बंद करून एक प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारी माणूस आणायचा, रडारयंत्र घ्यायचं, असा विचार होता. विचार वाईट नव्हता. अर्जांची तुलना करण्यासाठी एक तक्ता बनवला गेला. रकाने होते: प्रमाणपत्र, शिकवण्याची पद्धत, वापरली जाणारी साधनं, इंग्रजी संभाषण. आम्ही सभ्य माणसं, म्हणून जुन्या लोकांनाही अर्ज करू दिले. मास्तरांचा अर्ज कुणीतरी त्यांच्यासाठी लिहून दिला होता. त्यांच्या नावापुढचे चारही रकाने रिकामे होते. 'शिकवण्याची पद्धत' या रकान्यात एक आडवी रेघ होती.

कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. "माझा हँडिकॅप एकोणीसवर या माणसानं आणला आणि सव्वीसवर मी स्वतः नेला," एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. पण तेव्हा मला स्वतःलाच ते या शब्दांत कळलेलं नव्हतं. त्या बैठकीत मी तेच केलं जे वीस वर्षं व्हरांड्यात केलं होतं: शिक्षकाची तुलना त्याच्या सिद्धांतावरून. ज्याला सिद्धांत सांगता येत नाही त्याच्याजवळ काही नाही, असं धरून चाललो. सही केली. पुढच्या महिन्यापासून मास्तरांना सरावाच्या जागेत शिकवायला मनाई झाली.

नवीन शिक्षक आला तो हुशार होता, मेहनती होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचं यंत्र मला दर फटक्याला वीस आकडे दाखवायचं आणि ते सगळे खरे असायचे. पण काठी मागे नेताना वीस आकडे डोक्यात असले की हात बधिर होतात, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. १९९९ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फवर एक प्रयोग केला. नवशिक्यांच्या एका गटाला आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्या गटाला काठीच्या झोक्याकडे. काठीकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके लक्ष्याजवळ जास्त पडले. एका पायावर उभ्या असलेल्या अर्नेस्ट जोन्सला हे प्रयोगशाळेवाचून उमगलं होतं.

गेल्या पावसाळ्याच्या आधी मी मास्तरांना शोधत गेलो. शहराबाहेर एका शाळेच्या मागच्या पडीक जागेत ते शिकवतात. जाळी नाही, गवत नाही, काथ्याच्या पायपुसण्यावर चेंडू ठेवून मारायचे. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी मारत होती. मास्तर बाजूला उभे. मला पाहून त्यांनी मान हलवली, पण धडा थांबवला नाही. मुलीचे चेंडू एकामागून एक डावीकडे वळत होते. पंधरा-वीस झाल्यावर ते पुढे गेले, तिचा डावा हात काठीवर फिरवला आणि म्हणाले, "खाली बघ. मुठीचं एकच हाड दिसलं पाहिजे. बाकी काही बघू नकोस."

मी न राहवून म्हणालो, "मास्तर, मला तर तुम्ही तीन सांगितली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिरकसपणा नव्हता त्यात, थोडं नवल होतं. "तुमचा उजवीकडं जायचा, साहेब. हिचा डावीकडं जातोय."

बस. व्हरांड्यात पंचवीस वर्षं चाललेला वाद या दोन वाक्यांत संपला होता. 'शिकवण्याची पद्धत' या रकान्यात आडवी रेघ का होती, तेही कळलं. तिथं लिहिण्यासारखं एकच होतं: समोर कोण उभं आहे ते बघणं. आणि ते आमच्या तक्त्यात बसत नव्हतं.

मास्तर एकटेच असं शिकवतात असं नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे हार्वी पेनिक हेही कॅडी म्हणून सुरुवात केलेले. सगळं आयुष्य एकाच क्लबात शिकवलं. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघंही त्यांचेच विद्यार्थी, एकाच गावात वाढलेले. पण एकाला शिकवताना दुसऱ्याला ते बघू देत नसत. एकाचं औषध दुसऱ्यानं उचलू नये म्हणून. काइटनं १९९२ ची अमेरिकन ओपन जिंकली. त्याच वर्षी पेनिकची टिपणवही 'लिटल रेड बुक' या नावानं छापून आली; तोवर सुमारे साठ वर्षं ती वही त्यांनी जवळजवळ कुणालाच दाखवली नव्हती. एप्रिल १९९५ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या अंत्यविधीनंतर चारच दिवसांनी क्रेनशॉ मास्टर्स जिंकला. काइट आणि क्रेनशॉ यांचे स्विंग एकमेकांसारखे कधीच नव्हते. जॅक निकलॉसला दहाव्या वर्षापासून शिकवणाऱ्या जॅक ग्राउटनं त्याचा बाहेर उडणारा उजवा कोपर तसाच राहू दिला. टीकाकार त्या कोपरावर लिहीत राहिले आणि निकलॉस अठरा प्रमुख स्पर्धा जिंकून मोकळा झाला. काय बदलू नये हे कळणं, हीसुद्धा शिकवणंच आहे.

आणि आपल्याच अंगणातलं सांगायचं तर भास्करबुवा बखले. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ, तीन उस्तादांकडे ते शिकले. आपण मात्र त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, यावर भांडत बसलो. त्यांचे शिष्य पाहा: बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव. गुरू एक, गाणी दोन, आणि दोन्ही ज्याची त्याची.

गरिबीतून, कॅडीच्या पोटातून आलेला तोच खरा शिक्षक, असं भाबडं मत मला मांडायचं नाही. दिल्लीच्या मैदानावर कॅडींमध्ये वाढलेल्या अली शेरनं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला, याचा अभिमान बाळगावा. पण त्यांच्यामागे बघून बघून शिकताना वाट चुकलेले, कुणाच्याच नजरेला न पडलेले कितीतरी असतील. प्रमाणपत्र असलेलेही डोळस असतात आणि नसलेलेही आंधळे असतात. यंत्र हवं, निश्चितच हवं. माझ्या मास्तरांच्या हाती ते आलं असतं तर त्यांनी वीसपैकी एक आकडा निवडला असता आणि बाकीचे झाकून ठेवले असते.

माझं म्हणणं एवढंच, की शिक्षकांची तुलना करायचीच असेल, तर ती ऐकून करू नका, बघून करा. त्याला त्याचं तत्त्वज्ञान विचारू नका. त्याचे दोन विद्यार्थी शेजारी शेजारी उभे करा. दोघांना तो तेच वाक्य सांगत असेल, तर तो स्वतःच्या रोगावरचं औषध वाटतो आहे. दोघांचे स्विंग हुबेहूब सारखे दिसत असतील, तर तो छाप मारतो आहे. पहिले वीस चेंडू तो गप्प राहू शकतो का, ते बघा. आणि हे गोल्फपुरतंच नाही. मुलांना शिकवणीला घालताना, गाण्याला घालताना, पोहायला घालताना आपण जाहिरातीतली 'पद्धत' वाचतो. मुलाकडे कोण बघणार आहे, हे कुठं विचारतो?

त्या दिवशी निघताना मी मास्तरांजवळ त्या सहीबद्दल बोललो. त्यांना ते ठाऊक होतं. "कमिटीचं काम असतं ते," एवढंच म्हणाले. मग मुलीच्या हातातली काठी घेऊन माझ्यापुढे धरली. "पकड दाखवा." मी दाखवली. त्यांनी माझा अंगठा जेमतेम करंगळीच्या पेराएवढा उजवीकडे सरकवला, आणि पुन्हा मुलीकडे वळले.

गेल्या महिन्यात मी कमिटीला पत्र लिहिलं आहे. जुन्या शिकवणाऱ्यांवरची मनाई उठवावी, आणि पुढच्या नेमणुकीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: उमेदवाराला दोन वेगळ्या विद्यार्थ्यांना अर्धा-अर्धा तास शिकवताना पाहिलं का, आणि काय दिसलं. उत्तर अजून आलेलं नाही. सध्याच्या कमिटीतल्या दोघांना पहिल्यांदा काठी धरायला मास्तरांनीच शिकवलं होतं, हे मला माहीत आहे. त्यांना ते आठवतं की नाही, ते बैठकीत कळेल.